जयेश-सानची खात्री

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा जयेशने दुर्लक्ष करायचं ठरवलं. आज तो कामावर नव्हता. आज तो फक्त ओवीचा बाबा होता.

पण कान थोडेच सुट्टी घेतात? गेली कित्येक वर्षं तो टोकियोत याच शिंकान्सेनच्या, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनच्या, चाकांची थरथर मोजणारं सॉफ्टवेअर लिहीत होता. फुनाबोरीच्या घरातलं वॉशिंग मशीन जरा वेगळं घरघरलं तरी हा उठून बघायला जायचा, आणि सलोनी त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवायची.

सलोनी सध्या क्योतोच्या हॉस्पिटलात होती, ओवीच्या उशाशी. अकरा वर्षांच्या ओवीचं हृदय दमत चाललं होतं. नव्या हृदयाची वाट बघण्यात दोन वर्षं गेली होती, आणि आज सकाळी सलोनीचा फोन आला.

"मिळालं रे," एवढंच बोलून ती रडायला लागली. मग सावरून म्हणाली, "तुमच्या टोकियोकडूनच येतंय. हेलिकॉप्टरने आणणार आहेत. बाहेर काढल्यावर फार तर चार तास टिकतं म्हणे. तू मिळेल ती शिंकान्सेन पकड. तिला आत नेण्याआधी तू दिसायला हवास."

त्याने पहिली मिळाली ती पकडली आणि गाडीचा नंबर सलोनीला कळवला. योकोहामा मागे पडल्यावर सलोनीचा मेसेज आला, 'निघालं.' जयेशने खिडकीतून वर पाहिलं. ढग इतके खाली आले होते की फुजी कुठल्या दिशेला आहे तेही समजत नव्हतं. त्या ढगांपलीकडून ते चाललं असेल, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या रांगेत काळ्या कोटातला एक माणूस निळी पेटी पायांशी धरून बसला होता. खेकडे घेऊन सासरी निघालेला दिसतोय, जयेशला वाटलं. या लोकांना भेटवस्तू जपून न्यायची भारी हौस.

आवाज पुन्हा आला. खालून, दबका, ठेक्यात. जयेशने वाकून जमिनीला तळहात लावला. थरथर वाढत होती. थोड्या वेळाने जळकट वास आला. चाकं ज्या लोखंडी चौकटीत बसवतात तिला तडा गेला, की हाच आवाज येतो. ऑफिसात रेकॉर्डिंग लावून त्याने तो शेकडो वेळा ऐकला होता.

गाडी थांबली, तर ओवीला आत नेण्याआधी तो काही पोहोचणार नव्हता. हे त्याला लख्ख कळत होतं. पलीकडे ओवीएवढीच एक मुलगी आजीला ओनिगिरी, भाताचा मुटका, भरवत होती. अख्खा डबा माणसांनी भरलेला होता. आपल्यावाचून ऑपरेशन अडणार नाही, त्याने स्वतःला बजावलं, आणि तो उठला.

कंडक्टरने त्याचं म्हणणं ऐकलं, त्याचं ऑफिसचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, मग गुडघे टेकून जमिनीला कान लावला.

"शंका आली तर थांबायचं, असा आमचा नियम आहे," तो म्हणाला. "पण मला हा नेहमीचाच आवाज वाटतोय. वर कळवायचं तर तुमच्यासारख्या जाणकाराने सांगायला हवं."

तेवढ्यात काळ्या कोटातला माणूस उभा राहिला. "माफ करा. ही गाडी थांबवू नका."

"का?" जयेशने विचारलं.

"ते सांगायची मला परवानगी नाही."

एरवी जयेश ऑफिसातसुद्धा आवाज चढवत नसे. आज त्याचं डोकं फिरलं. "तुमचं काम एवढ्या लोकांच्या जिवापेक्षा मोठं आहे?"

माणूस पांढराफटक पडला. तो कंडक्टरला दाराजवळ घेऊन गेला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. कंडक्टर परत आला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला होता.

"जयेश-सान, पुन्हा एकदा विचारतो. तुमची खात्री आहे?"

"मलाही माझ्या माणसांकडे पोहोचायचंय," जयेश काळ्या कोटातल्या माणसाकडे बघत म्हणाला. "तुमच्यापेक्षा जास्त घाई आहे मला. तरी सांगतो. खात्री आहे. थांबवा."

गाडी चहाच्या मळ्यांमध्ये थांबली. तंत्रज्ञ यायला बराच वेळ लागला. ते गाडीखाली शिरले आणि त्यातला एक जण लगेच बाहेर येऊन फोनवर बोलू लागला. चौकट चिरत चिरत जवळजवळ तुटायला आली होती. ही गाडी आता जागची हलणार नाही, शेजारच्या रुळावर दुसरी आणून सगळ्यांना तीत चढवावं लागेल, त्याला दोन-तीन तास लागतील, असं स्पीकरवर सांगून कंडक्टरने तीनतीनदा माफी मागितली.

मग तो टोपी काढून जयेशसमोर कमरेत वाकला. ओनिगिरीवाली आजी उठून वाकली. बघता बघता डबाभर माणसं वाकली. जयेशला काय करावं सुचेना. आपण आज बरोबर वागलो, ओवीला हे सांगायचं, एवढंच त्याच्या मनात आलं.

काळ्या कोटातला माणूस तेवढा वाकला नाही. तो फोन कानाला लावून, डोळे मिटून बसला होता. मघाशी आपण जरा जास्तच बोललो, असं जयेशला वाटलं.

इतक्यात सलोनीचा फोन आला. इथल्या रिवाजाप्रमाणे तो डब्याबाहेर, दारापाशी जाऊन उभा राहिला.

"नेलं रे तिला आत. हसत गेली," सलोनी म्हणाली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज इतका मोकळा लागला नव्हता. "तू नसलास तरी चालेल आता, सावकाश ये."

"सलोनी, ऐक ना, आमची गाडी..."

"आधी माझं ऐक. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडालंच नव्हतं, मला हे आत्ता कळलं. माझ्या तर काळजात धस्सच झालं. पण डॉक्टर म्हणाले, काही काळजी करू नका, आम्ही शिंकान्सेनने मागवलंय. गाडीचा नंबर विचारला तर तुझीच निघाली, जयेश! ती कुठे कधी उशिरा येते?"