माहोचे हिरवे स्कोन

एडना थ्वेटने फडकं उचललं. ताटलीतले स्कोन, चहा-कॉफीसोबत खायचे ते छोटे गोल पाव, हिरवे होते. नुसते हिरवट नव्हेत, चर्चच्या भिंतीवरच्या शेवाळासारखे हिरवेगार, आणि त्यातून बेदाणे डोकावत होते.

सून माहो भल्या सकाळी उठून ते भाजून गेली होती. आज चर्चच्या बायका अकराच्या कॉफीला यायच्या होत्या. लेकीला पोहायच्या वर्गाला नेता नेता ती दारातून सांगून गेली होती, "आई, माझ्या आईने जपानहून पाठवलेली हिरव्या चहाची पूड घातलीय. बेदाणेही त्याच चहात भिजवलेत. आणि तुम्ही शिकवलंत तसंच कापलंय, साचा जराही फिरवला नाही."

फिरवला नव्हताच; कापताना साचा फिरला की स्कोन वाकडे फुगतात. हे सरळ फुगले होते, एकही कलंडला नव्हता. पण रंग! ब्रेंडा ॲकरॉइडने तो पाहिला की झालं. गावच्या प्रदर्शनात केकना नंबर देणारी बाई ती. एडनाकडे हल्ली गवत भाजतात, असा दुपारपर्यंत गावभर बोभाटा केला असता तिने.

बाहेर फाटक वाजलं. एडनाने ताटली उचलली, मागच्या दाराने गेली, सगळे स्कोन कंपोस्टच्या ढिगात ओतले आणि वर कापलेलं गवत लोटलं. एक तुकडा मोडून तोंडात टाकण्याचंही तिला सुचलं नाही. आणि हे करणारी कोण, तर गावातल्या निम्म्या मुलींना स्कोन शिकवणारी बाई.

बायकांना डब्यातली बिस्किटं मिळाली.

"सूनबाईंच्या हातचं काही नाही वाटतं?" ब्रेंडाने विचारलंच.

"तिला कुठला वेळ मिळतोय, बाई," एडना म्हणाली.

बायका गेल्या आणि थोड्याच वेळात माहो आली. पोरीला टीव्हीपुढे बसवून ती तडक स्वयंपाकघरात शिरली. धुतलेली ताटली ओट्यावर निथळत होती.

"सगळे संपले?"

एडनाने मान डोलावली. खरं सांगायची वेळ हीच होती आणि ती तिने घालवली.

"ब्रेंडाबाईंनीही खाल्ला?"

"दोन खाल्ले," एडनाच्या तोंडून निघून गेलं.

माहो खुर्चीत बसली, हसली आणि बाहीने डोळे पुसले. "मला वाटायचं, या बायका माझ्या हातचं कधी खाणारच नाहीत. चव कशी झाली होती हो? मला माहीतच नाही. पाहुण्यांच्या आधी मी कशी खाणार?"

एडनाला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. "छान होती गं," ती म्हणाली. "अगदी... चहासारखी."

तोवर माहोने जपानला फोन लावलासुद्धा. तिकडे शिझुओकात रात्रीची जेवणं उरकत आली होती. पडद्यावर माहोची आई आली, हात ओले, कमरेला ॲप्रन. मुलीचं बोलणं ऐकता ऐकता तिने तोंडावर हात धरला. मग ॲप्रन सोडला, केस सारखे केले, नीट बसली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली.

"ती म्हणतेय," माहोने सांगितलं, "माझ्या मुलीला तुम्ही चारचौघींत मान मिळवून दिलात, हे मी विसरणार नाही."

आणि म्हातारी आभार मानायला वाकली. इतकी, की पडद्यावर फक्त तिच्या पांढऱ्या केसांतला भांग दिसत राहिला.

अशा वेळी काय करायचं असतं ते एडनाला ठाऊक नव्हतं. तीही वाकली, कपाळ टेबलाला टेकेपर्यंत. तिकडची केव्हाच सरळ झाली.

"आई, पुरे झालं," माहो हसत म्हणाली. "इतका वेळ नाही वाकत कुणी. वर बघा ना, ती तुमच्याकडे बघतेय."

एडनाला वर बघवेना.