टिन हार्बरचं शेवटचं गाणं

एक

"हा गाणारा?" वासुदेवअण्णांनी सुनेच्या कानात ओरडून विचारलं. "मला वाटलं, खुर्च्या लावायला आलाय."

"तोच तो, अण्णा," विभावरी म्हणाली.

गाणारा चष्मा पुसत होता. बेसवाला स्टुलावर टेकला होता. ड्रमवाल्याच्या एका खांद्याला पट्टा बांधलेला. पण पहिला ठोका पडला आणि म्युनिकचा तो अख्खा हॉल एका ढांगेत तीस वर्षं मागे गेला. पांढऱ्या दाढ्या डोलू लागल्या. विभावरी तर चक्क उड्या मारायला लागली. सासऱ्यांच्या शेजारी उभी राहून.

खरं तर ते तिकीट प्रतापचं, तिच्या नवऱ्याचं. त्याच्या ऑफिसात ऐन वेळी काहीतरी कोसळलं. सांगलीहून लेकाकडे आलेले अण्णा म्हणाले, "मी येतो की! गाणं ते गाणं."

दोन

"किती वर्षं एकत्र आहेत हे टिन हार्बरवाले?"

"तीस. मधली सात सोडून. तेव्हा एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

"मग?"

"मग ड्रमवाल्याच्या मुलीचं लग्न झालं. तिथे हौसेनं एकत्र वाजवलं, ते वाजवतच राहिले. आता ही शेवटची टूर. ह्यानंतर बंद."

"आमचं भजनी मंडळ तीनदा फुटलं," अण्णा अभिमानाने म्हणाले. "एका पेटीवरून."

त्यांनी पाण्याच्या बाटलीतून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा सोडा आहे गं!"

"अय्या, बुडबुड्यांचं घेतलं वाटतं मी. थांबा, बदलून आणते."

"आणि तुझं ते आवडतं गाणं तेवढ्यात लागलं म्हणजे?"

"ते शेवटी असतं, अण्णा. तीस वर्षं शेवटीच गातात. भैरवी आहे ती त्यांची."

कॉलेजात त्या गाण्यापायी तिने कॅसेट झिजवली होती. प्रत्यक्ष मात्र एकदाही ऐकलं नव्हतं. आज नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं. पण शेवटाला अजून पुष्कळ वेळ होता.

तीन, दाराबाहेरून

रांग होती. जर्मन रांग, म्हणजे कुणी "जा हो तुम्ही पुढे" म्हणणार नाही. तिचा नंबर आला. "प्लीज, बुडबुड्यांशिवायचं पाणी," असं ती जर्मनमध्ये सांगत होती आणि काउंटरवरची मुलगी खाली वाकून बाटली शोधत होती आणि

गिटार. दोनच सूर.

नाही. ते गाणं? आत्ता? तिसरंच?

विभावरी धावली. दार जड. आत पाठीच पाठी, उंच, रुंद, हलायला तयार नसलेल्या. "एन्टशुल्डिगुंग, माफ करा." पहिलं कडवं गेलं. "एन्टशुल्डिगुंग, जरा सरका ना, एन्टशुल्डिगुंग." दुसरं गेलं. मराठी, जर्मन, कोपर, सगळं वापरून ती अण्णांपाशी पोचली तेव्हा

टाळ्या

"वा! हे एक बरं गायला हो," अण्णा म्हणाले. "आधी म्हणाला, आता शेवटपर्यंत आवाज टिकत नाही, म्हणून हे आधीच गाऊन घेतो. प्रामाणिक माणूस..." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "हेच होतं?"

"हेच." तिने बाटली पुढे केली. "जाऊ द्या, अण्णा. हे घ्या, साधं आहे."

अण्णांनी बाटली घेतली नाही. दोन्ही हातांचा कर्णा करून ते खच्चून ओरडले, "वन्स मोअर!"

"अण्णा! इथे तसं नसतं हो! एकदा म्हटलं की झालं."

"गाणाऱ्याला विचारलंस?"

"अहो, नाटक आहे का हे?"

"वन्स मोअर!"

टाळ्या नेमक्या तेव्हाच थांबल्या होत्या. हजारभर माना वळल्या. शेजारचा दाढीवाला "आल्झो, म्हणजे..." म्हणत अर्धं पाऊल बाजूला सरकला. विभावरीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

गाणाऱ्याने डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहिलं. "कोण ते? तेच गाणं? पुन्हा?"

"येस सर!" अण्णांचं इंग्रजी रेल्वेच्या नोकरीतलं, खणखणीत. "माझी सून पाणी आणायला गेली होती!"

हॉल हसला. गाणाराही हसला. "तीस वर्षं लोक आमच्याकडे आणखी एक मागतात," तो म्हणाला. "तेच पुन्हा कुणी मागितलं नव्हतं." मग त्याने गळ्याला हात लावला, घोटभर काहीतरी प्यायला आणि मागे वळून ड्रमवाल्याकडे पाहिलं.

ड्रमवाल्याने खांदे उडवले. पट्ट्याचासुद्धा. आणि काठ्या एकमेकींवर आपटल्या.

तीन

दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज फाटला. त्याने तो सावरायचा प्रयत्न केला नाही, सूर उतरवला आणि जवळच्या माणसाशी बोलावं तसा हळू गाऊ लागला. कॅसेटवर हे असं नव्हतं. कॅसेटवर तो पंचविशीचा होता आणि घाईत होता. विभावरी हलायची थांबली. बाटली तिने छातीशी धरली होती.

अण्णा खाली वाकले. "विभा, ह्याची चाल पाहिलीस का, अगदी आपल्या..."

"शू! अण्णा, गप्प बसा!"

लग्न होऊन घरात आल्यापासून ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. आत्ताही आपण तसं बोललोय हे तिच्या गावी नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते.

अण्णांचा चेहरा फुलून आला. त्यांनी आज्ञाधारकपणे ओठांवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या हाताचं कोपर त्यांनी शेजारी गुणगुणणाऱ्या दाढीवाल्याच्या बरगडीत हलकेच खुपसलं आणि डोळ्यांनीच सुनेकडे खूण केली.