काचेपलीकडचं बोलणं

"तंबाखू किती वर्षं खाताय?" डॉक्टरांनी समोर अहवालाचा कागद ठेवून पुन्हा विचारलं.

"दहा," विणकर म्हणाला.

"बाबा!" शेजारी बसलेल्या थोरलीने डोळे वटारले.

"बरं बाई, तीस. मागाजवळ विडी ओढली तर सुताला आग लागेल. मग काय, गालात गोळी धरायची. गिरणीत आमचं अख्खं खातं धरतं."

वय अठ्ठावन्न. दारू शनिवारी, कधी रविवारीही. डॉक्टर लिहीत गेले. हिरवी भाजी, फळं?

"बायको होती तोवर."

जिभेच्या कडेची जखम तीन महिने भरली नव्हती, म्हणून गेल्या आठवड्यात तिथला तुकडा तपासायला घेतला होता. डॉक्टर उठले आणि थोरलीला खुणेने बाहेर बोलावून घेऊन गेले.

दोघं काचेच्या दारापलीकडे उभी राहिली. थोरली मुद्दाम बापाकडे पाठ करून उभी होती. पोर हुशार, पण घाईत एक गोष्ट विसरली. डॉक्टरांचं तोंड त्याच्याकडेच होतं.

मागांच्या खडखडाटात विणकराचे कान केव्हाच कामातून गेले होते. त्याचं अडत मात्र काही नसे. कापडखात्यात कोण कानांनी ऐकतं? वीस पावलांवरच्या माणसाचे ओठ बघून तिथे भांडणंसुद्धा होतात. आता तो डॉक्टरांचे ओठ बघत होता.

'कॅन्सरच आहे... अर्धी जीभ काढावी लागेल... मग वाचायची आशा आहे... नाही, आता थांबून चालणार नाही, उद्याच दाखल करा... बोलणं? पूर्वीसारखं नाही यायचं.'

त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती.

थोरली आत आली. तोंड धुऊन आलेली दिसत होती. त्याच्यासमोर बसून, त्याला कळावं म्हणून नेहमीसारखे ओठ नीट उघडत ती म्हणाली, "काही नाही हो बाबा. तो तुटका दात घासतोय ना, तो काढायचाय. दोन दिवस राहावं लागेल, बस्स."

खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमलं नव्हतं. विणकराला तिची फार दया आली.

"एका दातासाठी अर्धी जीभ काढतात होय गं?"

तिने काचेच्या दाराकडे वळून पाहिलं आणि ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"उद्या यायचंय ना? येऊ," तो म्हणाला. "चल आता घरी. धाकटीलाही बोलावून घे. आज मला खूप बोलायचंय."