दुरुस्त होईपर्यंत

"या वेळी काय सांडलं?" बापाने लॅपटॉप उलटा करत विचारलं आणि चष्म्यावर भिंग चढवलं.

मुलगी म्हणाली, चहा. मागच्या खेपेला सूप सांडलं होतं, त्याच्या आधी नुसतं पाणी. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि एवढ्या काळात ती तीनदाच माहेरी आली होती, तिन्ही वेळा हा लॅपटॉप काखोटीला मारून. बापाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. लहानपणी गोलमटोल होती म्हणून तो तिला ढमी म्हणायचा. आता ढमी कसली, पोरीचं पार चिपाड झालं होतं. पण नाव काही तोंडातून जात नव्हतं. ढमे, हातांची चाळण झालीय का गं तुझ्या, असं त्याने तिला चिडवलं.

ती हसली नाही. स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "सावकाश करा, बाबा. दुरुस्त होईपर्यंत राहा, असं हे म्हणालेत."

जावई शिस्तीचा माणूस. बायकोने कामाशिवाय घराबाहेर पडलेलं त्याला खपत नसे. पण तिचं ऑफिसचं काम घरून याच लॅपटॉपवर चालायचं. तो बंद तर नोकरी बंद, म्हणून दुरुस्तीपुरती मुभा होती. उगाच कुणाला बोलायला जागा कशाला ठेवा, असा बापाचा साधा हिशोब. मागच्या दोन्ही वेळी त्याने हातातली कामं बाजूला सारून संध्याकाळच्या आत लॅपटॉप तिच्या हवाली केला होता. आजही तो बाह्या सरसावून बसला.

दुसरा चार्जर लावून पाहिला. दिवा लागेना. केबल फिरवून लावली, तेव्हा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मीटर लावला तर चार्जिंगच्या पोर्टाच्या अलीकडे वीज होती, पलीकडे ठणठणाट. भिंगाखाली पोर्टातल्या पिना हिरवट पडलेल्या दिसल्या. स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून घासूनही त्या वळणावर येईनात, तेव्हा त्याने सरळ पोर्टच बदलायचा ठरवला. झाकण उघडलं आणि गडी खूश झाला. नशीब काढलंस, त्याने तिला ऐकवलं, कीबोर्ड अगदी कोरडा आहे, चहा गेला तो नेमका पोर्टात.

सांडलेलं ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकं शपथा घेऊन सांगत, काही सांडलंच नाही हो. मग हा आतला डाग दाखवायचा आणि समोरचा माणूस मान खाली घालायचा.

मुलगी एव्हाना मागच्या खोलीत गेली होती. बायको वारल्यापासून तो तिथे एकटाच राहायचा आणि मुलीच्या कॉटवर मोडक्या स्क्रीनची नि जुन्या चार्जरची खोकी रचून ठेवायचा. ती एकेक खोकं उतरवत होती. गादी झटकल्याचा आवाज आला.

"अगं, राहू दे ते," तो टेबलावरूनच म्हणाला. "आत्ता होतोय तुझा लॅपटॉप."

नंतर खोकी पुन्हा कॉटवर चढल्याचे आवाज आले, एकामागून एक.

नवा पोर्ट बसला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. बापाने मोठ्या हौसेने स्वतःच जावयाला फोन लावला, लॅपटॉप झालाय, हिला न्यायला या. मुलगी दारात येऊन उभी राहिली. एवढ्यात झालं, असं तिने विचारलं. मग, बाप कुणाचा आहे, असं म्हणून त्याने कॉलर ताठ केली. गाडी आली तेव्हा तिने त्याची बाही धरली, शाळेच्या पहिल्या दिवशी धरली होती तशी. वेडी कुठली, पुन्हा ये की, तो म्हणाला आणि तिची बोटं सोडवली.

ती गेल्यावर त्याने टेबल आवरायला घेतलं. काढलेला पोर्ट टाकून देण्याआधी सवयीने भिंगाखाली धरला आणि त्याचा हात तसाच थांबला. टेबलावर सांडलेला चहा पसरतो, दिसेल त्या फटीत शिरतो. हा तर पोर्टाच्या तोंडातून सरळ आत उतरला होता, लॅपटॉप कुशीवर उभा धरून चमच्याने सोडावा तसा. आणि कीबोर्ड कोरडा. तिन्ही वेळा कोरडा.

सांडूनही सांडलं नाही म्हणणारे त्याने जन्मभर पकडले होते. न सांडता सांडलं म्हणणारं माणूस त्याला आजवर भेटलंच नव्हतं. पोरीला इथे राहायचं होतं. तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून ती हे घेऊन येत होती, आणि त्याने तीनदा तिला धडधाकट लॅपटॉप देऊन परत पाठवलं होतं.

त्याने घाईघाईने फोन लावला, नंबर दोनदा चुकला. शेवटी तिने फोन उचलला.

"ढमे, काम कच्चं राहिलंय," तो म्हणाला. "परत घेऊन ये. या खेपेला दिवस लागतील बघ. किती, ते मलाही सांगता येत नाही."

शेजारी कुणी उभं असावं तशी ती एकेक शब्द जपून बोलली.

"ह्यांनी घरी आल्या आल्या चालू करून बघितला, बाबा. म्हणाले, तुझ्या वडिलांच्या हाताला तोड नाही. आता पुन्हा तिकडे जायची वेळ यायची नाही."