हेमपिशीचं केळफूल

"छान झालंय," अनादीबाबूंनी दोन घास खाऊन ताट हलकेच बाजूला सारलं. "पण हेमचं नव्हे."

बुलूने ताट उचललं. या महिन्यातलं हे चौथं केळफूल. सोलून सोलून तिची बोटं काळी पडली होती आणि बाबांच्या पोटात जेमतेम चार घास जात होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता पथ्यपाणी पुरे, मागतील ते द्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाबांनी मागून मागितलं काय, तर धाकट्या विधवा बहिणीच्या हातची केळफुलाची भाजी. ती बहीण काशीला वारली त्यालाही चाळीस वर्षं झाली होती.

"काय कमी आहे ते तरी सांगा," बुलू म्हणाली.

"मला बापड्याला स्वयंपाकातलं काय कळतंय?" बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. "काहीतरी असायचं एवढं खरं."

काय असायचं ते बुलूला पक्कं ठाऊक होतं. पन्नास वर्षं ठाऊक होतं.

कृष्णनगरच्या त्यांच्या घरात तेव्हा दोन चुली होत्या. एक माशांची, तिथे स्वयंपाकीण मोक्षदा राबायची. दुसरी अंगणापलीकडे, हेमपिशीची. पिशी म्हणजे बुलूची आत्या. सतराव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून मासा, कांदा, लसूण, मसुराची डाळसुद्धा तिला बंद. बाबा दर शनिवारी बाजारातून दोन पिशव्या आणत. माशांची मोक्षदाकडे देत आणि केळफूल-भोपळ्याची घेऊन पिशीकडे जात. घरची मांजर मासे सोडून बाबांच्या मागे मागे पिशीच्या दारापर्यंत जायची. मांजरीलाही पिशीचा लळा आहे म्हणून सगळे हसायचे.

एका दुपारी बुलूने दाराच्या फटीतून पाहिलं. पिशी पाट्यावर भाजलेली सुकट वाटत होती. ती पूड तिने चिमूटभर केळफुलात टाकली आणि वरून भरपूर तूप सोडलं.

बुलू कुणाला काही बोलली नव्हती. पण आठवड्याने तिने माशाच्या खरकट्या हाताने पिशीच्या कढईला हात लावला. आजीने, म्हणजे ठाकुमाने, एकटीला गाठून तिच्या थोबाडीत दिली. नऊ वर्षांची पोर ती, फणकारली. म्हणाली, "पिशी स्वतः सुकट खाते, तिला कोण मारतं?"

खोटं बोलते म्हणून आणखी एक बसली. पण चार दिवसांत पिशीची ट्रंक दारात आली. ती काशीला गेली ती गेलीच. चोरून सुकट पुरवली म्हणून मोक्षदाला हाकललं. चहाडी कुणी केली हे ठाकुमाखेरीज कुणालाच कळलं नाही असं बुलू धरून चालली होती, आणि तिने कळू दिलं नाही. आता त्या भाजीत सुकट घालायची म्हणजे आपल्या तोंडाने सगळं ओकायचं. तिच्याने ते होत नव्हतं. बाप उपाशी राहत होता आणि तिला आपली अब्रू सुटत नव्हती, याची तिला आणखीच लाज वाटत होती.

पाचव्या केळफुलाआधी ती शांतिपूरला मोक्षदाच्या मुलीकडे, टगरकडे गेली. दुसरं काही असेल, एखादा मसाला असेल, तर आपली सुटका होईल, एवढीच आशा.

"भाजी तुमच्या घरची आणि चौकशी आमच्या दारात?" टगर म्हणाली. बसा म्हणाली नाही.

"मोक्षदामावशी जवळून बघायची ना..."

"बघायची. नारळ, हरभरे, तमालपत्र, तूप. झालं." टगरने पदराला हात पुसले. "आणि सुकट. तुमच्याच घरचे म्हणाले होते, नाही का? माझी आई मरेपर्यंत एकच घोकत राहिली, मी आणली नाही, मी आणली नाही. आणि कुठून आणेल, दीदी? ती तुमच्या चुलीपाशी दिवसभर. बाजार तिने कधी केला?"

माझ्यामुळे झालं, एवढे दोन शब्द बुलूच्या जिभेवर आले आणि तिथेच अडकले. तिने सरभाजा मिठाईचा पुडा पुढे केला. टगरने तो उचलून परत तिच्याच पिशवीत ठेवला.

परतताना बुलूने स्टेशनाबाहेर मूठभर सुकट घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला. मग ते जेवले. भातावर भात मागून, ताट बोटाने पुसून जेवले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते.

"काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

"सुकट." बुलू त्यांच्या पायाशी बसली. आता मागे फिरणं नव्हतं. "बाबा, मी तेव्हा पिशीला पाहिलं होतं. ठाकुमाला मीच सांगितलं. पिशी माझ्यामुळे गेली. मोक्षदामावशीसुद्धा. मला तोंड दाखवायला जागा नाही."

बाबांनी पुसलेलं ताट बाजूला सारलं.

"नऊ वर्षांच्या पोरीवर कोण विश्वास ठेवतं?" ते म्हणाले. "माझ्या आईने नाहीच ठेवला. ती मला विचारायला आली. हेम तिथेच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, खरं असेल, मोक्षदा आणून देत असेल."

त्यांचा हात सवयीने कुडत्याच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"आणायचो मी, बुलू. दर शनिवारी, या खिशातून."