वेलबुट्टीचा टाईप

शेवंताबाईने आणलेला, नवऱ्याच्या दशक्रियेच्या पत्रिकेचा मजकूर वाचून छापखान्यातल्या दामूअण्णांनी सवयीने साध्या टाईपचा खण ओढला.

"हा नको," ती म्हणाली. "तमाशाच्या पोस्टरला लावता तो लावा. वेलबुट्टीचा."

"बाई, तो जत्रेचा टाईप. मयताच्या कागदाला शोभत नाही."

"चाळीस वर्षं तुम्हीच त्यात माझं नाव छापलंत. हे त्याच फडात सोंगाड्या होते. त्यांचं नाव कुठं असायचं?"

अण्णांनी आठवून पाहिलं. सगळ्यात खाली, जागा उरली तर.

त्यांनी फळीवरची मोठाली लाकडी अक्षरं उतरवली, फडक्याने पुसली आणि जुळवली. नुसत्या 'धोंडिबा'नेच अर्धा कागद भरला.

"आणि खाली तुमचं नाव?" त्यांनी विचारलं.

"बारीक टाईपात," शेवंताबाई म्हणाली. "जागा उरली तर."