‘ळ’चा गृहपाठ

माझ्या वर्गात मराठी शिकणाऱ्या बत्तीस अमराठी जणांनी ‘बाळ’ हा शब्द फोनमध्ये बोलून मला ॲपवर पाठवला होता. त्यांची जीभ ‘ळ’साठी काही केल्या वळत नाही, म्हणून मीच दिलेला गृहपाठ.

पहिल्याने नेहमीसारखं ‘बाल’ म्हटलं. त्याच्या मागोमाग हेडफोनमध्ये जीभ टाळूवरून सुटल्याचा चिकट आवाज आला, आणि लाळेत घोळलेला, अगदी बिनचूक ‘बाळ’.

दुसरीच्या मागेही तेच. अकराव्याच्याही. मी हेडफोन काढला.

“हेडफोन बदला की, बाई,” कॉम्प्युटर सांभाळणारे काका म्हणाले.

“हा तिसरा आहे! घ्या, तुम्हीच ऐका.”

त्यांनी तो कानाला लावला आणि “शी!” म्हणत टेबलावर टाकला. कान पुसला, तर बोटांना लाळेची कोमट तार आली.

“आवाज तुमचाच आहे, बाई.”

“काहीतरीच काय! मला माझा आवाज कलत नाही?”

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “काय म्हणालात?”

“कलत… कल…” जीभ टाळूपर्यंत पोचेचना.

टेबलावरच्या हेडफोनमध्ये कुणीतरी चवीने मिटक्या मारल्या.